सराव हुकलेला सूत्रधार

फुटबॉल म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें पायानें टोलविलेला चेंडू येतो. अमेरिकेंत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात त्यांत मात्र चेंडू बहुतेक वेळ हातांत असतो. तो दोन्ही टोकांना निमुळता असतो, आणि खेळाडू शिरस्त्राण व खांद्यांवर जाड गाद्यांचें चिलखत चढवून मैदानांत उतरतात. या खेळांतील एका तरुण खेळाडूच्या शिक्षणाचा प्रश्न आज मी आपणांपुढें मांडणार आहें. ज्याला मोठ्या संघाचा सूत्रधार व्हावयाचें आहे, त्याचा हंगामापूर्वींचा सराव एखाद्या वर्षीं बुडाला, तर त्याच्या वाढीवर काय परिणाम होतो? प्रश्न दूरदेशींच्या मैदानावरचा आहे खरा. पण ज्यांच्या घरांत शिकणारीं मुलें आहेत त्यांना तो अगदींच परका वाटणार नाहीं, असा माझा अदमास आहे.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेऊं. मैदान १०० यार्ड, म्हणजे आपले १०० वार, लांब; दोन्ही टोकांना आणखी १० वारांची एकेक पट्टी. प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू. ज्या संघाच्या हातीं चेंडू असेल त्याला चार प्रयत्नांत १० वार पुढें सरकावें लागतें. सरकला तर त्याला पुन्हां चार प्रयत्न मिळतात, नाहीं तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. असें करीत करीत टोकाच्या पट्टींत चेंडू नेला म्हणजे सहा गुण मिळतात. त्याला टचडाऊन म्हणतात. प्रयत्नाला आरंभ होतांना चेंडू बहुधा ज्याच्या हातीं येतो, तो क्वार्टरबॅक. चेंडू शेजारच्याला द्यावयाचा, आपणच घेऊन धांवावयाचें, कीं दूरच्या सहकाऱ्याकडे फेकावयाचा, हें त्यानें पाहावयाचें. म्हणूनच मी त्याला सूत्रधार म्हणतों.

या सूत्रधाराचें काम किती बिकट असतें तें त्याच्या एका मिनिटाच्या हिशोबावरून कळेल. नॅशनल फुटबॉल लीग ही अमेरिकेंतील व्यावसायिक संघांची मुख्य संघटना. तिच्या सामन्यांत १९९४ सालापासून क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणांत एक लहानसा रेडिओ बसविलेला असतो. एक प्रयत्न संपला कीं सामान्यतः ४० सेकंदांचें घड्याळ सुरू होतें. तेवढ्यांत प्रशिक्षकाचा आवाज कानांत येतो आणि पुढील चाल सांगतो. ही चाल म्हणजे पुष्कळदां सांकेतिक शब्दांचें एक लांबलचक वाक्य असतें. तें त्यानें एकदां ऐकून सहकाऱ्यांना जसेंच्या तसें सांगावयाचें. घड्याळांत १५ सेकंद उरले कीं कानांतील आवाज बंद होतो. तेथून पुढें तो एकटा. समोरच्या अकरा जणांनीं कशी रचना केली आहे तें त्यानें न्याहाळावयाचें, कोण अंगावर चालून येणार आणि कोण मागें सरकणार याचा तर्क करावयाचा, सांगितलेली चाल फसणार असें दिसलें तर ओरडून ती बदलावयाची, आणि मग चेंडू हातीं घ्यावयाचा.

चेंडू हातीं आल्यावर पुष्कळदां त्याला अडीच-तीन सेकंदांपेक्षां अधिक वेळ मिळत नाहीं. तेवढ्या अवधींत सव्वाशे-दीडशे किलो वजनाचे गडी त्याच्यावर झेपावत असतात. ज्या सहकाऱ्याकडे चेंडू जावयाचा, तो वळून पाहण्याच्या आधींच पुष्कळदां चेंडू हातांतून सुटलेला असावा लागतो. म्हणजे फेंक माणसाकडे नसते, माणूस जेथें पोंचणार त्या जागेकडे असते. असा अदमास पुस्तक वाचून येत नाहीं. तो दोघांनीं मिळून शेंकडो वेळां तीच चाल केल्यानें अंगीं मुरतो. त्यांतून महाविद्यालयांतील अनेक संघांत चाली मैदानाबाहेरून खुणांनीं दाखविल्या जातात. त्यामुळें तेथला उत्तम क्वार्टरबॅकही व्यावसायिक संघांत आला कीं त्याला तें लांब वाक्य उच्चारण्यापासूनच आरंभ करावा लागतो.

आतां हंगामपूर्व सरावाकडे वळूं. लीगचा हंगाम सप्टेंबरांत सुरू होतो. त्यापूर्वीं वसंत ऋतूंत वर्ग आणि हलका सराव, जुलैच्या अखेरीस शिबिर, आणि ऑगस्टांत इतर संघांशीं हंगामपूर्व सामने, असा क्रम असतो. २०२० पूर्वीं बहुतेक संघांना असे चार सामने मिळत. २०२१ पासून ते तीन झाले. या सामन्यांची हारजीत हंगामाच्या हिशोबांत धरली जात नाहीं. नामांकित खेळाडू त्यांत थोडा वेळ खेळतात किंवा मुळींच खेळत नाहींत. त्यामुळें तिकिटाचे पैसे मोजणारा प्रेक्षक कुरकुरतो, आणि हे सामने हवेत कशाला, असा प्रश्न वारंवार निघतो.

त्याचें उत्तर एका सदऱ्यांत आहे. शिबिरांतील सरावाच्या वेळीं क्वार्टरबॅकच्या अंगांत इतरांहून निराळ्या रंगाचा, बहुधा तांबडा, सदरा असतो. याला कोणीं पाडावयाचें नाहीं, असा त्याचा अर्थ. संघाचें सारें भवितव्य ज्याच्या हातावर अवलंबून, त्याला घरच्याच मंडळींनीं जायबंदी करूं नये ही खबरदारी योग्यच आहे. पण तिचा दुसरा परिणाम असा होतो कीं शिबिरांत हा तरुण वाटेल तितका वेळ उभा राहूं शकतो. चेंडू सोडण्यास अर्धा सेकंद उशीर झाला तरी त्याला कोणी जमिनीवर आपटीत नाहीं. समोरचे गडीही त्याचे रोजचे सोबती. त्यांच्या खोडी त्याला पाठ झालेल्या असतात. परक्या संघाचा अनोळखी गडी अंगावर येत आहे, तो खरोखरच पाडणार आहे, आणि तरीही नजर दूरच्या सहकाऱ्यावरून हलतां कामा नये, ही परीक्षा त्याला प्रथम हंगामपूर्व सामन्यांतच द्यावी लागते. तेथें चुकला तर डाव जातो, पण संघाच्या नांवावर हार लागत नाहीं. दुसऱ्या दिवशीं प्रशिक्षक चित्रफीत लावतो, चूक दाखवितो, आणि आठवड्यानें तीच चूक सुधारण्याची संधि मिळते. सामना, चित्रफीत आणि पुन्हां सामना, हा फेरा तीन-चार वेळां फिरतो. तरुणाचें खरें शिक्षण या फेऱ्यांत होतें.

२०२० सालीं हा फेराच नाहींसा झाला. कोरोनाच्या साथीनें मार्चपासून व्यवहार बंद पडूं लागले. महाविद्यालयांतून येणाऱ्या खेळाडूंची निवड लीगमध्यें दर वर्षीं पाळीपाळीनें होते, आणि मागील वर्षीं जो संघ सर्वांत तळाशीं राहिला त्याची पाळी सामान्यतः पहिली असते. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. त्या वर्षीं २३ ते २५ एप्रिल या तीन दिवसांत ती घरांघरांतून, पडद्यावर झाली. वसंतांतले वर्गही पडद्यावर झाले. मैदानावरचा सराव झालाच नाहीं. हंगामपूर्व सामने चारांचे दोन करण्याचें आधीं ठरलें, आणि मग तेही रद्द झाले. चिलखत घालून करावयाचा पूर्ण सराव १७ ऑगस्टला सुरू झाला. असे दिवस अधिकांत अधिक १४ मिळावयाचे होते. आणि १० सप्टेंबरला हंगामाचा पहिला सामना झाला. त्या वर्षींच्या नव्या क्वार्टरबॅकांना परक्या संघाचा पहिला धक्का बसला तो हिशोबांत धरल्या जाणाऱ्या सामन्यांतच.

आपल्याकडे पूर्वीं मुलांना विहिरींत पोहावयास शिकवीत, तेव्हां पाठीला सुका भोपळा बांधीत आणि कोणी तरी जाणता माणूस पाण्यांत उतरलेला असे. हंगामपूर्व सामने म्हणजे हा भोपळा होय. २०२० सालीं मुलांना भोपळ्यावांचून विहिरींत सोडलें. मग झालें काय?

पहिल्या पाळीला सिन्सिनाटीच्या संघानें जो बरो याला निवडलें. त्याचें वय २३. आदल्या वर्षीं लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून खेळतांना त्यानें ६० टचडाऊन-फेकी केल्या होत्या आणि त्याच्या संघानें पंधराच्या पंधरा सामने जिंकले होते. पण ज्या संघांत तो आला त्यानें २०१९ सालीं १६ सामन्यांपैकीं दोनच जिंकले होते. ड्राफ्टची ही एक विचित्र गोष्ट आहे. दुबळ्या संघाला बळ मिळावें या हेतूनें केलेल्या नियमामुळें सर्वांत हुशार विद्यार्थी सर्वांत नादुरुस्त शाळेंत जाऊन पडतो. १३ सप्टेंबरच्या पहिल्या सामन्यांत सिन्सिनाटी १६-१३ असें हरलें. चारच दिवसांनीं दुसरा सामना झाला. ज्याला कोणत्याही व्यावसायिक संघाविरुद्ध सरावाची एक फेंकही मिळाली नव्हती, त्या तरुणानें त्या रात्रीं ६१ फेकी केल्या. दहा सामन्यांत प्रतिपक्षानें त्याला चेंडूसकट ३२ वेळां जमिनीवर लोळविलें. २२ नोव्हेंबरला वॉशिंग्टनच्या संघाविरुद्ध त्याच्या डाव्या गुडघ्याचे स्नायुबंध तुटले आणि त्याचें ते वर्ष तेथेंच संपलें.

ही दुखापत सरावाच्या अभावामुळेंच झाली असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. त्याच्या पुढची संरक्षक फळी कच्ची होती, आणि अशी दुखापत मुरलेल्या खेळाडूलाही होते. परंतु ती फळीही त्या वर्षीं सरावावांचूनच उभी होती, हें विसरून चालणार नाहीं. क्वार्टरबॅक एकटा शिकत नाहीं. त्याचे रक्षण करणारे पांच जण आणि चेंडू झेलणारे चार-पांच जण त्याच्याबरोबर शिकत असतात.

आतां दुसरें उदाहरण घेऊं. तें वरवर पाहतां माझ्या म्हणण्याच्या नेमकें उलट आहे. लॉस एंजेलिसच्या चार्जर्स संघानें सहाव्या पाळीला जस्टिन हर्बर्ट याला निवडलें. त्यानें पहिलें वर्ष अनुभवी खेळाडूच्या मागें बसून पाहावें, असा बेत होता. पण २० सप्टेंबरला, हंगामाच्या दुसऱ्याच सामन्याच्या आधीं, मुख्य क्वार्टरबॅकला वैद्यकीय कारणानें बाहेर राहावें लागलें, आणि आरंभास कांहीं मिनिटें उरलीं असतां हर्बर्टला उभें राहावयास सांगण्यांत आलें. समोर कॅन्सस सिटीचा, त्या वेळचा विजेता संघ. हर्बर्टनें ३११ वारांच्या फेकी केल्या. सामना जादा वेळांत २३-२० असा हातचा गेला. पुढें त्या हंगामांत त्यानें ४,३३६ वार आणि ३१ टचडाऊन-फेकी केल्या. नवख्या खेळाडूच्या ३१ टचडाऊन-फेकी हा त्या वेळीं उच्चांक होता. वर्षांतील सर्वोत्तम नवखा आक्रमक खेळाडू म्हणून त्याचा गौरव झाला.

झालें! पाण्यांत पडलें म्हणजे पोहतां येतें, असें म्हणणाऱ्यांना आयतेंच प्रमाण मिळालें. सराव हें एक थोतांड आहे, ज्याच्या अंगीं गुण आहे तो तरतो, असा सिद्धांत मांडण्यांत येऊं लागला. श्रोतेहो, शाळेंत आयुष्य घालविलेल्या माणसाला हा युक्तिवाद फार परिचयाचा असतो. वर्गांतला एक मुलगा मास्तरांवांचून पहिला आला कीं मास्तर अनावश्यक ठरतात. उरलेल्या एकोणचाळिसांचें काय झालें तें कोणी विचारीत नाहीं.

हर्बर्टच्या यशाला त्याच्या अंगच्या गुणांखेरीज आणखीही कारणें होतीं. तो ऑरेगन विद्यापीठांत चार वर्षें खेळून पक्का झालेला होता. दुसरें कारण त्या वर्षापुरतेंच होतें. साथीमुळें प्रेक्षागृहें रिकामीं किंवा जवळ जवळ रिकामीं होतीं. एरव्हीं परक्या गांवीं सत्तर हजार लोक नेमके क्वार्टरबॅक बोलूं लागला कीं आरडाओरडा करतात. त्याचा शब्द शेजारच्या गड्यालाही ऐकूं जात नाहीं. २०२० सालीं तो शांतपणें बोलूं शकला आणि ओरडून चाल बदलूं शकला. त्या हंगामांत साऱ्या लीगमध्यें मिळून गुणांचा उच्चांक झाला, याचें तें एक कारण मानलें जातें. म्हणजे एका हातानें नेलेलें त्या वर्षानें दुसऱ्या हातानें थोडेंसें परत केलें.

एकाच वर्षाचें उदाहरण घेऊन निष्कर्ष काढूं नये. म्हणून आपण नऊ वर्षें मागें जाऊं. २०११ सालीं संघांचे मालक आणि खेळाडू यांच्यांत कराराविषयीं तंटा झाला आणि मालकांनीं १२ मार्चपासून टाळेबंदी पुकारली. ती २५ जुलैला उठली. या साडेचार महिन्यांत खेळाडूंना संघाच्या इमारतीचें दार बंद होतें आणि प्रशिक्षकांकडून शिकण्यासही मनाई होती. ऑगस्टांतले सामने बहुतेक झाले. पण त्यांच्या आधींची सारी पायाभरणी बुडाली.

त्या वर्षीं पहिल्या पाळीला कॅरोलायनाच्या संघानें कॅम न्यूटन याला निवडलें. हाही संघ आदल्या वर्षीं १६ पैकीं दोनच सामने जिंकलेला. टाळेबंदीच्या काळांत न्यूटननें फ्लोरिडांत ब्रेडेन्टन येथें ख्रिस विंकी याच्या हाताखालीं अभ्यास केला. विंकी हा स्वतः पूर्वीं कॅरोलायनाचा क्वार्टरबॅक होता. संघाचें दार उघडल्यावर प्रशिक्षकांनीं आपल्या चाली त्याच्यावर लादल्या नाहींत. महाविद्यालयांत तो ज्या रीतीनें खेळत असे त्यांतल्या कांहीं त्यांनीं आपल्या चालींत मिसळल्या. चेंडू झेलण्यास स्टीव्ह स्मिथसारखा मुरलेला गडी होता. ११ सप्टेंबरच्या पहिल्याच सामन्यांत न्यूटननें ४२२ वारांच्या फेकी केल्या, आणि हंगामाअखेर ४,०५१. नवख्या खेळाडूनें ४,००० वारांचा पल्ला ओलांडण्याची ती पहिलीच वेळ होती. तरीही त्याच्या १७ फेकी प्रतिपक्षानें मधल्यामध्यें झेलल्या आणि संघाला सहाच विजय मिळाले, हेंही सांगितलें पाहिजे.

त्याच वर्षीं दहाव्या पाळीला जॅक्सनव्हिलच्या संघानें २१ वर्षांच्या ब्लेन गॅबर्टला निवडलें. हंगाम सुरू होण्यास थोडे दिवस उरले असतां संघानें आपल्या अनुभवी क्वार्टरबॅकला रजा दिली. तिसऱ्या सामन्यापासून गॅबर्टला उभें केलें. नोव्हेंबरच्या अखेरीस मुख्य प्रशिक्षकालाच काढून टाकलें. चौदा सामन्यांत गॅबर्टच्या १२ टचडाऊन-फेकी झाल्या आणि ११ फेकी प्रतिपक्षाच्या हातीं लागल्या. अंगावर गडी येण्यापूर्वींच हा बिचकतो, असा शेरा त्याच्या नांवापुढें बसला, आणि तो त्याला फार दिवस पुरला. पण याच गॅबर्टला पुढें दहा-बारा वर्षें निरनिराळ्या संघांनीं दुय्यम क्वार्टरबॅक म्हणून ठेवून घेतलें. खेळ ज्याला कळतच नाहीं अशा माणसाला एवढीं वर्षें कोणी पगार देत नाहीं.

दोघांचें वर्ष एक, बुडालेला अभ्यास एक. एकाला शिक्षक मिळाला, त्याला जमेल तेवढा अभ्यासक्रम मिळाला आणि झेल घेणारा भरंवशाचा हात मिळाला. दुसऱ्याचा मार्गदर्शक गेला, मग प्रशिक्षक गेला. दोघांच्या अंगच्या गुणांत फरक नव्हता असें मी म्हणत नाहीं. माझें म्हणणें इतकेंच कीं सराव बुडालेल्या वर्षीं तरुणाच्या परीक्षेंत त्याच्या भोंवतालचीं माणसेंही बसलेलीं असतात, पण निकाल मात्र एकट्या त्याच्या नांवावर लागतो. सरावाचे दिवस भरपूर असले म्हणजे भोंवतालची उणीव थोडीबहुत भरून निघते. ते नसले कीं सारें उघडें पडतें.

सराव बुडाल्यानें होणारी आणखी एक हानि आहे. ती कोणत्याच तक्त्यांत दिसत नाहीं. ती समजण्यासाठीं १९९९ सालचा एक हंगामपूर्व सामना पाहूं. २८ ऑगस्टला सेंट लुइसच्या रॅम्स संघाचा मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन याचा गुडघा अशाच एका हिशोबाबाहेरच्या सामन्यांत मोडला. त्याची जागा कर्ट वॉर्नरनें घेतली. वॉर्नरचें वय २८; ड्राफ्टमध्यें त्याला कोणीही निवडलें नव्हतें; १९९४ सालीं ग्रीन बेच्या शिबिरांतून त्याला परत पाठविलें होतें, आणि कांहीं काळ तो आयोवांत एका किराणा दुकानांत रात्रपाळीला फळ्यांवर माल लावण्याचें काम करीत असे. त्या हंगामांत त्यानें ४१ टचडाऊन-फेकी केल्या, आणि ३० जानेवारी २००० रोजीं रॅम्सनीं सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. एकाच ऑगस्टानें एकाचें वर्ष हिरावलें आणि दुसऱ्याला वर आणलें. हंगामपूर्व सामन्यांत धोका आहे हें जितकें खरें, तितकेंच हेंही खरें कीं ज्याला कोणी ओळखत नाहीं त्याला आपला खेळ दाखविण्यास तेवढेंच एक ठिकाण असतें. २०२० सालीं शिबिरांतील जागा ९० वरून ८० वर आल्या आणि सामने एकही झाले नाहींत. पहिल्या पाळीचा बरो कसाही मैदानांत आलाच असता. ज्याचें नांव यादीच्या तळाशीं होतें, तो काय करूं शकला असता, हें कोणालाच कळलें नाहीं, त्यालाही नाहीं.

मग अशा बुडालेल्या वर्षाची भरपाई होते कीं नाहीं? होते, पण तिला काळ लागतो आणि कोणी तरी धीर धरावा लागतो. त्याच २०२० च्या निवडींतला जॉर्डन लव्ह पाहा. ग्रीन बेच्या संघानें त्याला २६ व्या पाळीला घेतलें. पहिल्या वर्षीं सामन्याच्या दिवशीं एकदांही त्याला खेळण्याच्या यादींत जागा मिळाली नाहीं. दुसऱ्या वर्षीं हंगामपूर्व सामना मिळाला, तर त्यांत त्याचा खांदा दुखावला. तीन वर्षें तो ॲरन रॉजर्सच्या मागें उभा होता. २०२३ सालीं त्याच्या हातीं सूत्रें आलीं. पहिल्या नऊ सामन्यांत संघाचे सहा पराभव झाले, आणि निवड चुकली अशी कुजबुज सुरू झाली. पण तो ठरला. हंगामाअखेर त्याच्या नांवावर ४,१५९ वार आणि ३२ टचडाऊन-फेकी होत्या, आणि १४ जानेवारी २०२४ रोजीं डॅलसच्या मैदानावर त्याच्या संघानें डॅलसला ४८-३२ असें हरविलें.

पांचव्या पाळीला मायामीनें घेतलेल्या तुआ टागोवायलोआचीही हीच कथा. आदल्या वर्षींच्या कमरेच्या भयंकर दुखापतींतून तो उठत होता; पहिल्या वर्षीं दोनदां त्याला सामना चालू असतां बाहेर बसविलें. दोन वर्षें त्याच्याविषयीं शंका घेतली गेली. तिसऱ्या वर्षीं नवा प्रशिक्षक आला, त्याच्या हाताला साजेशा चाली आखल्या गेल्या, आणि चौथ्या वर्षीं, २०२३ सालीं, ४,६२४ वारांच्या फेकी करून तो साऱ्या लीगमध्यें पहिला आला. गुडघा मोडलेला बरो तर दुसऱ्याच वर्षीं आपला संघ घेऊन सुपर बोलपर्यंत पोंचला. १३ फेब्रुवारी २०२२ रोजीं तो सामना सिन्सिनाटीनें २३-२० असा गमावला. या तिघांचा निकाल २०२० च्या डिसेंबरांत लावला असता तर तो तिघांच्याही बाबतींत चुकला असता.

यावरून माझ्या मतें तीन गोष्टी निघतात. पहिली ही कीं सराव बुडाला असेल तर अभ्यासक्रम लहान करावा. तरुणाला जें येतें तेथून आरंभ करावा आणि एकेक चाल वाढवीत जावें. दुसरी ही कीं सरावाचे थोडे दिवस असले म्हणजे ते सारे पहिल्या फळीवर खर्च होतात. दुसऱ्या-तिसऱ्या जागेवरच्या तरुणासाठीं त्यांतून मुद्दाम कांहीं राखून ठेवावे, कारण हर्बर्टची वेळ कधीं येईल हें कोणाला ठाऊक नसतें. आणि तिसरी, सर्वांत अवघड, ही कीं अशा वर्षाच्या निकालावर कायमचा शिक्का मारूं नये.

त्याच साथीच्या काळांत आपल्याही शाळा बंद पडल्या होत्या. आपलीं मुलें पडद्यासमोर बसून शिकलीं, आणि २०२१ सालीं महाराष्ट्रांत दहावीची लेखी परीक्षा झालीच नाहीं; अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. तीं मुलें पुढच्या वर्गांत गेलीं तेव्हां तीन तासांचा पेपर त्यांच्या हातानें कधीं लिहिलेलाच नव्हता. कोणी लवकर सांवरलें, कोणी उशिरा. उशिरा सांवरणाऱ्याला मठ्ठ म्हणणारीं माणसें आपल्यांतही निघालीं. त्या मुलांतलीं कित्येक आतां महाविद्यालयांतून बाहेर पडत आहेत, नोकऱ्या शोधीत आहेत. त्यांची पहिली चूक पाहतांना त्यांच्या वांट्याला आलेलें तें वर्ष लक्षांत ठेवलें, तर फार मोठें औदार्य होणार नाहीं; तो साधा न्याय होईल.

अमेरिकेंत आपलीं पुष्कळ मराठी कुटुंबें स्थायिक झालीं आहेत. त्यांच्या घरीं ऑगस्टांत हे सामने दूरचित्रवाणीवर चालू असतात. आपणांपैकीं कोणाला ते पाहण्याचा योग आला, तर शेवटच्या पंधरा मिनिटांकडे लक्ष द्यावें. तोंपर्यंत नामांकित खेळाडू टोप्या घालून कडेला उभे असतात आणि निम्मे प्रेक्षक घरीं गेलेले असतात. मैदानांत कोणी तरी विशी-बाविशीचा तरुण, ज्याचें नांवही आपण ऐकलेलें नसतें, शिरस्त्राणावर हात दाबून कानांतला आवाज ऐकत असतो. तो चेंडू फेंकतो, पडतो, उठतो, आणि पुन्हां ऐकूं लागतो.